इतवारीच्या गच्चीवरून

नागपूरची इतवारी पाहायची तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहावी. एरवी ही सराफ्याची, किराण्याची आणि उधारीच्या वह्यांची पेठ. पण तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इथे मारबतींचे राज्य असते. काळी मारबत निघते १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात, त्यांत महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत कोणाचीही गय होत नाही. रोगराई घेऊन जा, अशी आरोळी उठते आणि नेहरू पुतळ्यापाशी मुंगीलाही वाट मिळत नाही.

आमच्या धाकट्या बहिणीचे सासर याच भागात. भाच्याने मला मिरवणुकीत न नेता थेट चौथ्या मजल्याच्या गच्चीवर नेऊन बसवले. हातात मुठीत मावेल एवढा रेडिओ संच. चिरंजीव 'हॅम' आहेत, म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवलेले हौशी रेडिओवाले. खाली गल्लीतली मंडळी पाणी वाटत होती आणि याचे तीन परवानाधारक मित्र संच घेऊन गर्दीत पांगले होते.

“अरे, खिशात फोन असताना हे कशाला?”

“लावून पाहा ना मामा!”

लावला. लागेना.

“सगळेच लावून राहिले ना! टॉवर तेवढाच, माणसं पाहा किती!”

हे संच १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांशी थेट बोलतात. मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही. मात्र उंच भिंत आड आली की आवाज अडतो, आणि इतवारीच्या बोळांत भिंतींखेरीज आहे काय? म्हणून एकाने गच्चीवर बसायचे. खालच्या दोघांना परस्परांचे ऐकू आले नाही तरी वरच्याला दोघांचेही येते. शिवाय बटण दाबून बोलताना दुसऱ्याचे ऐकू येत नाही, तेव्हा पाळी पाळावीच लागते. आमच्या घरच्या मंडळींना असा एकेक संच द्यावा असे मला फार वाटले.

दुपारी एकाने कळवले, चार वर्षांचा मुलगा हरवला, लाल सदरा, आई रडते आहे. लाल सदऱ्याची पोरे त्या गर्दीत किती असतील! भाच्याने शांतपणे विचारले, “हातात काय आहे? ओव्हर.” लाकडी बैल. तान्ह्या पोळ्याला तो कोणाच्या हातात नसतो? पुन्हा विचारले. बैलाचे एक शिंग मोडलेले. हा निरोप वरून तिघांना गेला, आणि काही मिनिटांत तिसऱ्याचा आवाज आला: सराफाच्या पायरीवर बसला आहे, शिंग डावे. आईने त्याला आधी एक धपाटा दिला, मग उचलून घेतले. गच्चीवर कोणी बसले आहे हे तिला ठाऊकही नव्हते.

या कामाचे पैसे घेता येत नाहीत, परवान्याची तशी अटच असते. तरी ही माणसे जातात. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपानंतर गेली. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांची तुकडी हौसेच्या प्रक्षेपणासाठी पोर्ट ब्लेअरला होती. तिने संच तसेच निरोपांच्या कामाला लावले. आणि गंगासागरच्या मेळ्यात पश्चिम बंगाल रेडिओ क्लबचे लोक हरवलेल्या यात्रेकरूंची घरे शोधून काढतात. म्हातारी माणसे, भाषा वेगळी, गावाचे नाव धड सांगता येत नाही. मग गावोगावच्या हॅममित्रांना विचारत विचारत पत्ता लावायचा.

भाच्याला एकदा तिथे जायचे आहे. बहीण म्हणते, आधी बी. कॉम. हो.