७६८ बाइटांचा पडदा

आपल्याकडे इंजिनिअरिंगला गेलेल्या जवळपास प्रत्येकाने कॅसिओचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर वापरलेला असतो. आलेख काढून दाखवणारा ग्राफिंग कॅल्क्युलेटर मात्र क्वचितच कुणाच्या हाती येतो, कारण आपल्या परीक्षांत त्याला जागाच नाही. अमेरिकेत, जिथे मी फर्मवेअर लिहिण्याचं काम करतो, तिथे उलटं आहे. शाळेत देतात त्या एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) कॅल्क्युलसच्या परीक्षेला १९९५ पासून तो आवश्यक झाला. त्यामुळे घरोघरी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा, म्हणजे टीआयचा, एक कॅल्क्युलेटर विकत घेतला जातो, मूल कॉलेजात गेलं की खणात पडतो आणि पुढे कधीतरी गराज सेलला निघतो. मी तिथून घेतो. ज्याला प्रोग्रॅमिंग मुळापासून शिकायचंय, त्यालाही मी हेच सांगतो: नवा नको, जुना घ्या.

माझी पसंती टीआय-८३ प्लसला. १९९९ सालचं हे यंत्र. आत झेड-८० प्रोसेसर, ज्याची मूळ रचना १९७६ची; वेग ६ मेगाहर्ट्झ; वापरायला जेमतेम २४ किलोबाइट मेमरी. पडदा ९६ बाय ६४ ठिपक्यांचा. ठिपका एकतर काळा, नाहीतर कोरा, म्हणजे प्रत्येकी एक बिट. आख्खा पडदा ७६८ बाइटांत मावतो. एवढं यंत्र एका माणसाच्या डोक्यात पुरतं बसतं. आजच्या फोनबद्दल असं म्हणू शकणारा माणूस मला भेटलेला नाही.

आठ बाय आठ चौकटींचं एक चित्र चौकटीच्या वहीत काढा. प्रत्येक ओळ एक बाइट, सगळं चित्र आठ बाइट. ते पडद्यावर उमटवताना एक्सॉर (दोन बिट वेगळे असतील तरच एक देणारी क्रिया) वापरलं, की तेच चित्र त्याच जागी पुन्हा एक्सॉर करून पुसता येतं आणि मागचं दृश्य जसंच्या तसं परत मिळतं. आता तेच चित्र एक ठिपका उजवीकडे सरकवा. लगेच प्रत्येक ओळ दोन बाइटांत विभागली जाते, उजवीकडून सांडलेला बिट शेजारच्या बाइटात न्यावा लागतो. ग्राफिक्स म्हणजे काय, हे मला कोणत्याही पुस्तकापेक्षा या सरकवण्यात जास्त कळलं.

हे सगळं प्रोसेसरला थेट सूचना देणाऱ्या असेंब्ली भाषेत करायचं; ती नको असेल त्यांच्यासाठी आत बेसिक भाषा आहेच. कोणती कळ दाबली हे ती क्रमांकाने सांगते, आणि तो क्रमांक म्हणजे आधी ओळ, मग स्तंभ: एंटर दहाव्या ओळीत पाचवी, म्हणून १०५. किती सरळ! इथली प्रत्येक संख्या दशमान पद्धतीने, १४ अंकांपर्यंत, नऊ बाइटांत साठवतात. म्हणून एक दशांश अधिक दोन दशांश बरोबर तीन दशांशच येतात. पण 'खेळ संपला की नाही' एवढीच खूण ठेवायलाही नऊ बाइट जातात, आणि काटकसरीची सवय तिथून लागते.

विकत घेताना आधी सेलचं झाकण उघडा. सेल पाझरून पत्र्यांवर पांढरट-हिरवट थर जमला असेल, तर तो बहुधा व्हिनेगरने निघतो. थर तारांपर्यंत पोचला असेल तर सोडून द्या. मग चार सेल घालून शेड कमांडने सगळा पडदा काळा करा. मधे कोऱ्या उभ्या रेघा राहिल्या, तर पडद्याची पट्टी सुटत चालली आहे. पिवळ्या रंगाचे नग शाळांच्या मालकीचे म्हणून काढलेले असतात. शाळेनेच विकल्याची खात्री नसेल तर हात लावू नये. आणि ८३ प्लसला यूएसबी नाही, त्याची वेगळी केबल लागते. २००४च्या ८४ प्लसपासून यूएसबी आलं.

यंत्राचं कुलूप हा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. टीआय-८५ वर असेंब्ली चालवायची सोयच नव्हती. हौशी लोकांनी १९९४च्या सुमारास बॅकअप फाइलमध्ये फेरफार करून झेडशेल हा असेंब्ली चालवणारा प्रोग्रॅम आत घुसवला. ८३ प्लसवर कंपनीने स्वतःच असेंब्लीला दार उघडलं, पण ऑपरेटिंग सिस्टिमला ५१२ बिटांच्या आरएसए किल्लीचं कुलूप लावलं. २००९ मध्ये बेंजामिन मूडी यांनी घरच्या संगणकावर दोन महिन्यांहून अधिक काळ गणित चालवून त्या किल्लीमागची संख्या फोडली. कंपनीच्या वकिलांची पत्रं आली. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन हौशींच्या बाजूने उभी राहिली. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर आपली स्वतःची सिस्टिम चालवणं हा गुन्हा नाही, हे माझं ठाम मत आहे. २०२० मध्ये परीक्षांच्या सुरक्षिततेसाठी रंगीत ८४ प्लस सीईच्या नव्या सिस्टिममधून असेंब्ली काढून टाकली गेली, आणि एकदा ती सिस्टिम चढली की मागे फिरता येत नाही. हौशींनी त्यावरही वाट शोधली, पण नवशिक्याने त्या फंदात का पडावं?

म्हणून सीई घ्यायचाच असेल, तर विकणाऱ्याला आधी सेकंड, मग अधिकची कळ दाबून पहिला पर्याय निवडायला सांगा आणि त्या पडद्याचा फोटो मागवा. आवृत्तीचा आकडा तिथे दिसतो. जुनी आवृत्ती असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.