तो गुलाबी रंग उडतो का?

पुणे

चि. छकुली,


तुमच्या कॉलेजात आभासी प्रयोगशाळा आली, पोरं डोळ्यांवर चष्मा चढवून टायट्रेशन करतात, हे तू फोनवर इतक्या हौसेने सांगत होतीस की मला मधे बोलवेना. रात्रभर मात्र ब्युरेट डोळ्यांपुढून हलेना.

मी सोलापुरात प्रॅक्टिकल्स घ्यायचे तेव्हा एका ब्युरेटला चौघं. एकजण कॉक फिरवणार, एकजण आकडे उतरवणार, दोघं बघे. मुली बहुतेकदा फ्लास्क विसळायला. म्हणून चष्म्याला मी नाक मुरडत नाही, त्यात प्रत्येकाला कॉक फिरवायला मिळतो. पण चष्मे किती आहेत गं? पाचच असले तर रांग तीच. शिवाय आपल्याकडचा मे महिना, घामाने ओले पट्टे पुसायचे कोणी? संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलँडने १९६८ साली असंच डोक्यावरचं यंत्र केलं ते छताला टांगावं लागे. त्या मानाने तुमचं सुटसुटीतच म्हणायचं.

मिथेन शिकवायला मी बटाट्यात आगकाड्या खुपसायचे. १०९.५ अंशांचा कोन बटाट्याने कधी मानला नाही. तिथे चष्मा लाव, पोरांना रेणूच्या पोटात उतरव. चष्मे कमी पडले तर केंद्र सरकारच्या 'व्हर्च्युअल लॅब्स' आहेत, आयआयटींसारख्या संस्थांनी केलेल्या. साध्या कॉम्प्युटरवर फुकट उघडतात.

टायट्रेशन मात्र हातानेच. डावा हात कॉकवर, उजव्याने फ्लास्क फिरवायचा. टोकाशी अर्धा थेंब लोंबतो, तो काचेला टेकवून पाण्याने धुवून घ्यायचा. असं कसब हातातच मुरतं. तुझे आजोबा यंत्रमागावर होते. धागा तुटला की बोलता बोलता, न बघता गाठ मारायचे. चादरीची नक्षी जॅकार्ड यंत्राची, पण कारागिराची पारख त्या गाठीवरून व्हायची.

आणि एक. टायट्रेशन संपल्याची खूण म्हणजे फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग; तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने थोड्या वेळात उडतो. पोरं घाबरतात, आणखी थेंब सोडतात, रीडिंग चुकतं. मग रंग का उडाला ते आपण सांगतो, तोच खरा तास. तुमच्या चष्म्यात तो रंग उडतो का? नसेल तर सॉफ्टवेअरवाल्यांना उडवायला सांग. गळका कॉकही घालायला सांग.

जुने ब्युरेट भंगारात जाऊ देऊ नकोस. दिवाळीला येशील तेव्हा शेंगाची चटणी आण, इथली गोड लागते.

तुझी,
मावशी