दरवाज्याची किल्ली कुणाकडे?

कुठेही गर्दीत माणसे चिरडून मेल्याची बातमी आली की आपल्या घरांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "लोकांनाच अक्कल नाही, एवढे ढकलायचे कशाला?" आणि दुसरे, "जिस की जितनी लिखी थी." पहिल्या वाक्यात दोष मेलेल्यांवर जातो, दुसऱ्यात तो तकदिरीवर टाकून आपण मोकळे होतो. दोन्ही वाक्यांत एक साधा प्रश्न राहून जातो. बाहेर पडायच्या दरवाज्याला कुलूप कुणी लावले होते आणि त्याची किल्ली कुठे होती?

आमच्या घरात फुटबॉलचे वेड अब्बांपासूनचे. आता नातवंडे खेळतात, आणि सामना असला की आम्ही घरातली चार-सहा माणसे डबे घेऊन मैदानावर जातो. म्हणून १ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री इंडोनेशियात जे घडले, ते आम्हाला परक्या मुलखातले वाटले नाही. पूर्व जावातील मलांग शहराजवळचे कंजुरुहान स्टेडियम. अरेमा हा घरचा संघ, समोर सुराबायाचा पर्सेबाया. अरेमा ३-२ असा हरला. घरच्या मैदानावर पर्सेबायाकडून हरण्याची २३ वर्षांतली ती पहिलीच वेळ. नाराज झालेले काही प्रेक्षक मैदानात उतरले. भांडण व्हायला समोरच्या संघाचे समर्थक तिथे नव्हतेच, त्यांना येऊच दिले नव्हते. तरी पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली, आणि तीही नुसती मैदानात नव्हे, तर गॅलरीतल्या बसलेल्या माणसांवर. डोळे-घसा जळू लागल्यावर माणसे जिन्यांकडे धावली. जिने उभे आणि अरुंद. खालचे दरवाजे लहान, काही पुरते उघडलेले नव्हते. गेट क्रमांक १३ वर माणसांवर माणसे पडली. एकूण १३५ जण गेले. त्यांत ३० हून जास्त मुले होती, काही तर शाळेतही न जाणारी. आई-बाप आणि मुले एकत्र सामना बघायला आले होते, जसे आम्ही जातो.

नंतर एकेक गोष्ट बाहेर आली. स्टेडियमची क्षमता ३८ हजारांची, तिकिटे ४२ हजार विकली होती. सामना दुपारी घ्यावा ही पोलिसांची सूचना मानली गेली नव्हती. जागतिक फुटबॉल संघटनेच्या सुरक्षा नियमांत असा धूर वापरायला मनाई आहे, आणि वापरलेल्या नळकांड्यांपैकी काहींची मुदत संपून गेल्याचे पोलिसांनीच मान्य केले. म्हणजे एका रात्रीत आभाळ कोसळले नव्हते. सामन्याची वेळ, तिकिटे, दरवाजे, धूर, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी सही केली होती किंवा करायची टाळली होती.

गर्दीत मरण कसे येते हेही आपण नीट समजून घेतले पाहिजे. पायाखाली तुडवले जाऊन मरणारे थोडे असतात. बहुतेक जण उभ्या-उभ्या गुदमरतात. एका चौरस मीटर जागेत सहा-सात माणसे दाटली की कुणाच्याही पायावर कुणाचा ताबा उरत नाही. सगळी गर्दी पाण्यासारखी हलते. चारी बाजूंनी दाब आला की छाती फुलत नाही, आणि छाती फुलली नाही तर श्वास येत नाही. मागच्या माणसाला पुढचे काही दिसत नसते. तो बेशिस्त नसतो, त्याला फक्त माहीत नसते. माहीत असायला हवे ते बाहेर उभ्या असलेल्या बंदोबस्ताला.

हेच जगाने आधी अनेकदा पाहिले आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर २ जानेवारी १९७१ रोजी सामना संपून लोक उतरत असताना एका जिन्यावर ६६ माणसे मेली. त्याही जिन्याचा क्रमांक १३. आपल्याकडे कुणी म्हणेल, आकडाच मनहूस. पण दोष आकड्याचा नव्हता. त्याच जिन्यावर १९६१ मध्ये दोघे मेले होते, आणि नंतरही दोनदा माणसे जखमी झाली होती. जिना दहा वर्षे इशारा देत होता.

इंग्लंडमधील ब्रॅडफर्डला ११ मे १९८५ रोजी लाकडी स्टँडला आग लागली आणि ५६ जण जळून मेले. लाकडी फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षे खाली पडलेला कागद-कचरा साठला होता. तो धोकादायक आहे असे पत्र आदल्या वर्षी क्लबला मिळाले होते. आग विझवायची नळकांडी मागच्या बोळात नव्हती. पोरे मस्ती करून ती खराब करतात, म्हणून काढून ठेवलेली होती. मागची अनेक दारे बंद होती. जे पुढे मैदानात उडी मारू शकले ते वाचले, कारण तिथे समोर उंच जाळी नव्हती.

चार वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ रोजी, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर मात्र जाळी होती. लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना. लिव्हरपूलच्या उभ्याने बघणाऱ्या दहा हजारांवर प्रेक्षकांसाठी फिरती फाटके फक्त सात. बाहेर दाटी झाली म्हणून पोलिसांनी मोठे फाटक उघडले, पण आतला बोगदा ज्या भरलेल्या कप्प्यांत जात होता तो बंद केला नाही. दाबाने एक लोखंडी अडसर मोडला. पुढे जाळी, मागून लोंढा. ९७ माणसे गेली, शेवटचा जखमी ३२ वर्षांनी, २०२१ मध्ये वारला. मैदानाचा सुरक्षा दाखला दहा वर्षांपूर्वीचा, कालबाह्य झालेला होता.

हिल्सबरोची गोष्ट आम्हाला जास्त लागते ती पुढच्या भागामुळे. पोलिसांनी आणि काही वर्तमानपत्रांनी दारुड्या प्रेक्षकांवर ठपका ठेवला. आपले मूल गमावलेल्या आई-बापांना, ते मूल दोषी नव्हते हे सिद्ध करायला २७ वर्षे लागली. २०१६ मध्ये ज्यूरीने सांगितले की ही माणसे बेकायदेशीरपणे मारली गेली आणि प्रेक्षकांचा काही दोष नव्हता. त्या दुर्घटनेनंतर इंग्लंडमधील मोठ्या मैदानांवरून जाळ्या गेल्या आणि प्रत्येकाला खुर्ची आली. आज तिथे मुले निर्धास्त सामना बघतात, ती त्या आई-बापांची कमाई आहे.

मलांगच्या आयाही थांबल्या नाहीत. "उसूत तुंतास", म्हणजे तड लागेपर्यंत तपास करा, ही त्यांची घोषणा. २०२३ च्या मार्चमध्ये खालच्या न्यायालयाने दोन पोलीस अधिकाऱ्यांना सोडले. धूर वाऱ्याने दुसरीकडे गेला, असे कारण निकालात आले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून दोघांना शिक्षा दिली, ती दोन-अडीच वर्षांची. त्या घरांना ती पुरेशी वाटली नाही, आणि कशी वाटावी?

आमच्या घरात यावर बरीच चर्चा झाली. अम्मीचे म्हणणे, जनाजा उठल्यावर सब्र हाच मोमिनचा दागिना. अब्बा म्हणाले, "सब्र आपल्या दुःखावर करायचा असतो, दुसऱ्याच्या हलगर्जीवर नाही." त्यांनी हजची आठवण काढली. अम्मी-अब्बा २००० साली हजला गेले. त्याच्या तीन वर्षे आधी, १५ एप्रिल १९९७ रोजी, मिनामध्ये तंबूंना आग लागून ३४३ हाजी शहीद झाले होते. हजहून मोठी इबादत कोणती आणि तिथल्या मौतीहून मोठी नशीबाची गोष्ट कोणती? तरी तिथल्या सरकारने 'लिहिलेले होते' म्हणून कापडी तंबू पुन्हा उभारले नाहीत. आग न धरणारे तंबू आले, आत गॅसवर स्वयंपाक बंद झाला. जमरातला २००६ मध्ये साडेतीनशेच्या आसपास हाजी गेले, तेव्हा जुना पूल पाडून अनेक मजल्यांचा नवा पूल बांधला, जायची वाट वेगळी आणि यायची वेगळी. २०१५ मध्ये मिनाच्या रस्त्यावर पुन्हा शेकडो जीव गेले, म्हणजे हे काम एकदा करून संपत नाही. पण तकदिरीवर ईमान आणि लोखंडी जिन्याची तपासणी यांत भांडण नाही, एवढे त्यातून दिसते. उंट आधी बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही आपल्या नबींची शिकवण लहान मुलालाही ठाऊक आहे. अम्मीने यावर एवढेच विचारले, "मग आपल्या मैदानाचा उंट कोण बांधतो?"

प्रश्न बरोबर होता. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका अंतिम सामन्याला आम्ही गेलो होतो. बांबू आणि फळ्यांचा तात्पुरता स्टँड, त्यावर मावतील त्याच्या दुप्पट पोरे. मध्यंतरात दिवे गेले. जनरेटर होता, पण तो सुरू होईना. मागच्या गेटला साखळी आणि कुलूप. भाईजान कार्यकर्त्यांकडे गेले आणि किल्ली मागितली. ती ज्याच्या खिशात होती तो गृहस्थ बाहेर चहाला गेला होता. भाईजान त्याला शोधून घेऊन आले, गेट उघडून घेतले आणि सामना संपेपर्यंत तिथेच उभे राहिले. काहीच झाले नाही. दिवे आले, गोल झाला, लोक घरी गेले. त्या रात्री काही झाले नाही म्हणून त्या गेटची बातमीही कुठे आली नाही. आयब्रॉक्सचा जिनाही अनेक शनिवार असाच बिनबातमीचा गेला असणार.

आम्हाला वाटते, गर्दीच्या जागेचा बाहेरचा दरवाजा उघडा ठेवणे हे फर्ज-ए-किफायासारखे आहे. एकाने केले तर सगळ्यांचे झाले, कुणीच केले नाही तर सगळे जबाबदार. रस्त्यातला काटा उचलणे जर ईमानचा भाग, तर जिन्यातले खोके उचलणे त्याहून वेगळे कसे असेल?

म्हणून आम्ही घरापुरते आणि मोहल्ल्यापुरते काही ठरवले आहे. मैदानात शिरताच मुलांनी दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघायचे, आलो तोच एक रस्ता धरून बसायचे नाही. गर्दी दाटू लागली तर हात छातीपुढे धरायचे, म्हणजे श्वासाला जागा राहते. पडलेली चप्पल किंवा मोबाइल उचलायला वाकायचे नाही. लोंढ्याच्या उलट जोर लावायचा नाही, धक्का ओसरला की तिरके-तिरके कडेला सरकायचे. सामना संपल्यावर दहा मिनिटे बसून राहायचे. लहान मुलांना घेऊन गेलेल्यांनी शेवटच्या काही मिनिटांचा मोह सोडला तरी चालेल.

पण हे झाले आपल्या बाजूचे. गुदमरणाऱ्या मुलाने हात कसे धरावेत हे शिकवून आयोजकांची जबाबदारी कमी होत नाही. तिकिटे किती छापली, स्टँड कुणी तपासला, आग विझवायचे नळकांडे कधी भरले, किल्ली कुणाकडे आहे, हे चार प्रश्न सामन्याआधी लेखी विचारायचे, असे मोहल्ल्यातल्या तरुणांनी ठरवले आहे. आमच्या मशिदीतही एक गोष्ट झाली. ईदच्या नमाजला मागचा जिना जुन्या चटया आणि लाऊडस्पीकरच्या खोक्यांनी भरलेला असायचा. जमातीच्या बैठकीत विषय काढला, थोडी कुरकुर झाली, पण जिना रिकामा झाला. आता दर जुम्म्याला अजानच्या आधी एक मुलगा जाऊन ते दार उघडून बघतो आणि किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला अडकवतो. मुले आळीपाळीने हे काम मागून घेतात.