लढाई संपल्यावर देव काय करतो?

आमच्या घरात सध्या एका नव्या देवाची प्राणप्रतिष्ठा चालू आहे. घाबरू नका, मी कुठल्या बुवाच्या नादी लागलेली नाही :) देव नातवाचा आहे. तोही त्याच्या खेळातला.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत निघाला, म्हणजे तसा आमच्या पिढीचाच म्हणायला हरकत नाही. पाच-सहा मुलंमुली टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि पुढे काय घडणार ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. थोडक्यात, कीर्तन एकाने करायचं आणि श्रोत्यांनी नुसतं ऐकत न बसता सोंगंही घ्यायची! आमचे चिरंजीवांचे चिरंजीव यातले कीर्तनकार. सुट्टीत चिखलोलीला माझ्याकडे येतात तेव्हा मंडळींचा फड माझ्याच जेवणाच्या टेबलावर रंगतो. चहा-पोह्यांचं खातं अर्थातच माझ्याकडे.

या खेळासाठी काल्पनिक जगंच्या जगं रचलेली आहेत. त्यातल्या एका जगाचं नाव 'फरगॉटन रेल्म्स'. एड ग्रीनवुड नावाच्या कॅनडातल्या गृहस्थांनी ते लहानपणापासून मनात रचत आणलं आणि १९८७ साली ते खेळ म्हणून छापलं गेलं. त्या जगात टेम्पस नावाचा युद्धाचा देव आहे. त्याची देवळं, पुजारी, प्रार्थना, नेमधर्म, सगळं पुस्तकात मांडून ठेवलंय. नातवाला त्याच धर्तीवर आपला स्वतःचा युद्धदेव घडवायचा आहे. "आजी, तू शिकवायचीस ना इतिहास? मग सांग, लढाईच्या देवाचा धर्म कसा असेल?"

मी आधी टेम्पसचं प्रकरण समजून घेतलं. (चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे दुसऱ्याचं वाचल्याशिवाय शेरा मारायची सवय नाही.) आणि खरं सांगते, मला तो देव आवडला. तो कुणा एका पक्षाचा नाही. लढाई सगळ्यांना सारखीच तुडवते आणि सारखीच तारते, असं त्याचं म्हणणं. ज्याला लढणं भाग आहे त्याच्या हाती शस्त्र द्या, मग तो शत्रू का असेना, ही त्याची आज्ञा. कारण नसताना भांडण उकरू नका, पण भ्याडपणाही करू नका. लढाईआधी तो कधी कधी आकाशात दिसतो. पांढऱ्या घोडीवर दिसला तर जय, काळ्या घोड्यावर दिसला तर पराजय.

पांढरा घोडा म्हटल्यावर मला आमच्या देवघरातला टाक आठवला नसता तरच नवल.

आमचं कुलदैवत खंडोबा. टाकावर देव घोड्यावर बसलेला, हातात खड्ग, सोबत म्हाळसा आणि पायाशी कुत्रा. लढाईचा देव म्हणून तो कुठेच कमी पडत नाही. जेजुरीला त्याच्या ठिकाणाला नुसतं 'देऊळ' कुणी म्हणत नाही, 'गड' म्हणतात, आणि त्याला गडासारखी तटबंदीही आहे. दसऱ्याला तिथे भलामोठा जड खंडा उचलून धरण्याची चढाओढ लागते. कुणी हातात पेलतो, कुणी चक्क दातात धरतो! 'येळकोट' हा शब्द कानडी 'एळु कोटि' म्हणजे सात कोटी यावरून आला असं सांगतात. मणी आणि मल्ल या दैत्यांवर चालून जाताना देवासोबत सात कोटींचं सैन्य होतं, अशी कथा आहे. शिंदे-होळकरांच्या काळातले मल्हारराव होळकर नावासकट याच देवाचे. म्हणजे नातवाला हवं ते सगळं सामान घरात होतं: शस्त्र, सैन्य, घोडा, गड, रणघोष.

पण खंडोबाची खरी गोष्ट लढाई संपल्यावर सुरू होते. तिथेच त्याची आणि टेम्पसची वाट वेगळी होते.

मार्तंडभैरवाने सहा दिवस लढून दोघा दैत्यांना हरवलं. मरताना मल्लाने जगाचा नाश मागितला. त्याचं मस्तक पायरीशी गेलं. मणी मात्र शरण आला. त्याने काय केलं? आपला पांढरा घोडा देवाला दिला आणि तुझ्या देवळात मलाही जागा दे, असं मागितलं. देवाने ती दिली. त्याचा नैवेद्यही ठरला. म्हणजे बघा, शेकडो वर्षं आपण ज्या घोड्यावरच्या देवाला हात जोडतोय, तो घोडा शत्रूचा! आणि ज्याला मारलं त्याचंही ताट देवाच्या शेजारी वाढलेलं.

पुढे हा सेनापती संसाराला लागला. एक बायको म्हाळसा, नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. दुसरी बाणाई, धनगराची. दोघींची भांडणं वाघ्या-मुरळी जागरणात रात्रभर रंगवून सांगतात. लोककथांत तर शिंपीण, माळीण आणि तेलीणही आहेत. मल्लूखान असंही या देवाचं एक नाव आहे, आणि जेजुरीला देवाचा घोडा सांभाळण्याचा मान परंपरेने मुसलमान घराकडे. कर्नाटकात तो मैलार, तेलुगू मुलखात मल्लन्ना. हातात तलवार असलेल्या देवाने एवढी माणसं तलवारीने जोडली नाहीत, सोयरिकीने जोडली.

हे मी आमच्या सोसायटीतल्या एका तमिळ गृहस्थांना सांगत होते. ते आणि आमचे 'हे' अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत बरोबर होते. (या दोघांनी आयुष्यभर खरीखुरी युद्धसामग्री बनवली, आणि खंडेनवमीला लेथ मशीनला झेंडूच्या माळाही घातल्या. आमच्याकडे त्या दिवशी पाटावर यांचं व्हर्निअर कॅलिपर, माझी विळी आणि शाळेची हजेरीवही अशी पूजा असायची.) ते हसले आणि म्हणाले, "बाई, आमच्या मुरुगनचं पण सेम!" मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय, देवांचा सेनापती. त्याने सूरपद्मन या असुराला भाल्याने दोन तुकडे करून मारलं. पण त्या तुकड्यांचा एक मोर झाला आणि एक कोंबडा. मोर वाहन झालं आणि कोंबडा झेंड्यावर बसला. तो उत्सवही सहा दिवसांचा आणि षष्ठीलाच संपणारा. तिरुचेंदूरला समुद्रकाठी मोठी गर्दी होते. बायकाही दोन. देवसेना इंद्राची मुलगी, आणि वल्ली डोंगरातल्या शिकाऱ्यांकडची.

आणि याच कार्तिकेयाचं आपण महाराष्ट्रात काय केलं? पुण्याच्या पर्वतीवर त्याचं देऊळ आहे, पण बायकांनी त्याचं दर्शन घेऊ नये ही समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली. तमिळनाडूत ज्याला आया-बहिणी लेकरासारखं मिरवतात, त्याच्याकडे इथल्या बाईने बघायचंसुद्धा नाही! देव तोच, नियम माणसांचे.

नियमांवरून आठवलं. नातवाच्या वहीत देवाचा एखादा नियम पटला नाही तर तो खोडरबराने खोडतो. आपल्या खऱ्या धर्मात असं सहज होत नाही, आणि तोवर कुणाला तरी त्याची किंमत मोजावी लागते. खंडोबाला मुरळी सोडण्याची चाल होती. लहान पोरीचं देवाशी लग्न लावायचं, मग तिला माणसाशी संसार नाही. नवस आईबापांचा, आयुष्य तिचं. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारख्यांनी या चालीविरुद्ध काम केलं. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला. तरी महाराष्ट्राला २००५ चा देवदासी प्रथा बंद करण्याचा कायदा पुन्हा करावा लागला. नातवाला हेही लिहून घ्यायला सांगितलं. देव सगळ्यांना पोटाशी धरतो या गोष्टीबरोबर, त्याच देवाच्या नावाने पोरींना घराबाहेर काढलं गेलं हीदेखील गोष्ट आहे. एक सांगून दुसरी लपवली तर ते इतिहास शिकवणं नव्हे.

मुरळी सोडणं बंद झालं म्हणून खंडोबा कुठे गेला नाही. जेजुरीला भंडारा अजून तसाच उधळला जातो. नियम बदलला आणि देव राहिला.

हां, तर आता मूळ मुद्द्यावर येते. नातेवाईक मंडळींनी जरा सावरून बसावं!

गेल्या वर्षी चंपाषष्ठीला आमच्याकडे तळी भरायची होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून सहा दिवस देव बसवतात. षष्ठीला बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत आणि पातीचा कांदा असा नैवेद्य. कुत्र्यालाही घास काढून ठेवतात. ताम्हनात विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबरं आणि भंडारा ठेवायचा. मग पाच जणांनी हात लावून 'सदानंदाचा येळकोट' म्हणत ते तीन वेळा उचलायचं. हे उचलणारे पुरुषच असायचे. पूर्वी गावच्या घरी दीर, पुतणे, भाचे मिळून पाचाचे पंधरा व्हायचे. आता 'हे' नाहीत, मुलगा परदेशी, नातवाची परीक्षा. घरात हात दोनच, तेही माझे.

तळी चुकवायची नव्हती. मी शेजारी बोलावले. हे तमिळ गृहस्थ आले. समोरचे सिंधी काका आले. फाळणीनंतर त्यांच्या आईवडिलांना कल्याण कॅम्पात, म्हणजे आताच्या उल्हासनगरात, आणून टाकलं होतं आणि ते तिथेच वाढले. त्यांचा नातू आला. वॉचमन आला. झाले चार. पाचवा हात मी लावला. काकांना 'येळकोट' नीट जमेना, ते दर वेळी 'एलकोट' म्हणत होते. ताम्हन तिन्ही वेळा व्यवस्थित वर गेलं. खोबरं-भंडारा सगळ्यांना वाटला. वॉचमनने घरच्यांसाठी कागदात बांधून नेला.

मग दुसऱ्या दिवशी नात्यातून फोन आला. "परक्या लोकांना हात कसा लावू दिला? आणि बाईमाणसाने तळी उचलायची? कुळाचार आहे की सोसायटीचं हळदीकुंकू?" फोनवर मी वाद घातला नाही. मोठी माणसं, तब्येती नाजूक. शिवाय मला लिहून चांगलं सांगता येतं. म्हणून आज लिहिते.

माझं म्हणणं एवढंच. ज्या देवाने लढाई संपल्यावर शत्रूचा घोडा घेतला, शत्रूला आपल्या देवळात जागा दिली, वाण्याची आणि धनगराची लेक एका घरात नांदवली, त्याच्या तळीला सिंधी काकांचा हात लागला तर तो बाटेल का हो? घर सोडून निर्वासित झालेल्या माणसाइतकं लढाईनंतरचं जगणं कुणाला ठाऊक असणार? आणि बाईचं म्हणाल, तर सहा दिवस घटाला माळ मी घालते, दिवा मी जपते, रोडगे मी थापते, वांगी मी भाजते. शेवटच्या अर्ध्या मिनिटाला ताम्हनाखाली माझाच हात नको, हा नियम देवाने केलेला मला कुठे सापडला नाही.

लढाईचा देव कसा ओळखावा, तर तो लढतो कसा यावरून नाही. लढायला काय, सगळेच लढतात. लढाई संपल्यावर तो कुणाला आत घेतो, यावर त्याचं देवपण ठरतं. नाहीतर तो नुसता सेनापती.

यंदाही चंपाषष्ठीला तळी आमच्याकडे, चिखलोलीलाच आहे. गेल्या वर्षीचे पाचही जण येणार आहेत. काकांना मी 'येळकोट' पाठ करून घ्यायला सांगितलंय. ज्यांनी फोन केला होता त्यांनाही अगत्याचं आमंत्रण. भरीत भरपूर करणार आहे, आणि ताम्हन मोठं आहे, सहावा हात सहज मावेल.

तुमच्याकडे तळी कोण उचलतं? जरूर कळवा. असो. आता वांगी आणायला हवीत.