रतिबाची सायकल

पुण्याहून वाईला जायचं तर सगळे हमरस्त्यानं जातात. खंबाटकी ओलांडायची आणि सुरूरच्या फाट्याला आत वळायचं. सायकलवाल्यानं मात्र त्या वाटेला जाऊ नये. ट्रकचा वारा अंगावर घेत पाय मारण्यात कसली आलीय मजा? त्यापेक्षा कात्रजचा जुना घाट चढून उतरावा, कापूरहोळला उजवीकडं वळावं आणि भोरचा रस्ता धरावा. गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही पाच जण तसेच गेलो. चौघं माझ्या ऑफिसातले, वयानं माझ्या निम्मे. मी साठीला टेकलेला.

उन्हाळा तोंडावर आलेला. आंबेमोहोराची खाचरं केव्हाच मोकळी झालेली, बांधावर पेंढ्याच्या गंजी. ब्रिटिशांच्या काळातलं भाटघरचं धरण मागं टाकलं, भोरात नीरेचं दर्शन घेतलं, मिसळ खाल्ली आणि आंबाडखिंडीच्या चढाला लागलो. हा घाट माणसाला खोटं बोलू देत नाही. पहिल्या दोन वळणांतच कुणाच्या पायांत किती पाणी आहे ते कळतं. मांढरदेवीच्या डोंगरावर पोचलो तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात तरण्या पोरानं रस्त्याकडेला चक्क लोळण घेतली.

ह्या रांगेची एक गंमत मी त्यांना सांगितली. अलीकडच्या उतारावर पडलेलं पाणी नीरेतून भीमेत जातं आणि पार कर्नाटकाच्या टोकाला जाऊन कृष्णेला मिळतं. पलीकडच्या उतारावरचं पाणी मात्र तासाभरात कृष्णेत. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस, पण एकाला सरळ वाट आणि दुसऱ्याला अख्ख्या मुलखाचा वळसा. पोरांनी ‘वा सर’ म्हटलं आणि फोटो काढले.

तिथनं खाली वाईचं खोरं दिसतं. डावीकडं पांडवगड, उजवीकडं लांबवर धोमच्या पाण्याची चकाकी, मधे ऊस आणि हळदीची रानं, आणि समोर भिंतीसारखा उभा पाचगणीचा डोंगर. त्या भिंतीवर दोरी आडवी टाकल्यासारखी एक रेघ चढत जाते. पसरणीचा घाट. दुसऱ्या दिवशी तोच चढायचा होता. पोरं त्याचा चढ मोबाइलवर मोजत होती. वाईपासून पाचगणी बारा-एक किलोमीटर, चढ पावणेसहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे शंभर पावलं पुढं गेलं की पाचेक पावलं वर. ‘सर, तुम्ही इथलेच ना? लहानपणी केला असेल हा घाट सायकलवर,’ एकानं विचारलं.

‘केलाय,’ मी म्हणालो. ‘एकदाच.’

पसरणीच्या अलीकडं आमची वाडी. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव. वाडीला मात्र नाव घेण्यासारखं काही नव्हतं. पंधरा-वीस उंबरे, एक पिंपळ, एक विहीर. मी चौथीत असताना, १९७४ साली, आमचे वडील गेले. दादा तेव्हा आठवीत. बाराव्याचा विधी झाल्यावर त्यानं दप्तर खुंटीला अडकवलं ते पुन्हा काढलं नाही. घरात दोन म्हशी होत्या. वाडीतल्या आणखी चार घरचं दूध गोळा करून पाचगणीला रतीब घालायचा, असं त्यानं आणि आईनं ठरवलं. पाचगणीत निवासी शाळा, त्यांत शेकड्यांनी पोरं, म्हणजे दुधाला मरण नाही.

एका रिटायर झालेल्या पोस्टमनकडून दीडशे रुपयांना हर्क्युलस सायकल घेतली. तीही तीन हप्त्यांत. चोवीस इंची, काळी, सळईच्या ब्रेकची. कॅरियरला दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या जोडून घेतल्या आणि त्यांत बारा-बारा लिटरच्या दोन किटल्या बसवल्या. झाकणाखाली फडकं घट्ट बसवायचं, नाहीतर दूध हिंदकळून लोणी वर येतं. दोन्हीकडं वजन सारखं लागतं. एक किटली जरा जरी हलकी पडली तरी सायकल त्या अंगाला ओढत नाही, उलट्या अंगाला पाडते. हे दादानं मला दहादा सांगितलं होतं.

लोकांना वाटतं तो सायकल चालवत वर जायचा. छे. चोवीस लिटर दूध आणि तेवढंच सायकलचं वजन घेऊन तो चढ पायडल मारून कोण चढेल? तो ती ढकलत न्यायचा. एक हात हँडलला, एक हात सीटला, छाती पुढं. पहाटे चारला निघायचा, सातच्या आत बोर्डिंगच्या भटारखान्यात. येताना मात्र सायकलवर बसून. पण उतरताना सळईचे ब्रेक काय धरतात! पावसाळ्यात तर रिम ओली झाली की रबर नुसतं घसरतं. मग दादा करवंदीच्या जाळीचा नाहीतर कशाचा तरी फाटा तोडून मागं दोरीनं बांधायचा आणि तो ओढत, खरखर करत खाली यायचा. आई त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायची.

माझ्याकडं काम होतं वहीचं. कुणाचं किती दूध, बोर्डिंगला किती, हॉटेलांना किती. महिनाअखेरीला हिशेब करून पैसे वाटायचे. त्या वहीनं माझं गणित पक्कं झालं, असं मी अजून सांगतो.

१९७८चा श्रावण. मी आठवीत. दादाला ताप भरला. अंथरुणातनं उठू दे म्हणेना आई. दूध तर काढून ठेवलेलं. मी म्हणालो, मी जातो. आई नको म्हणत होती, दादा काही बोलला नाही. नुसता म्हणाला, ‘दमलास तर दगडाला टेकव, स्टँडवर लावू नगंस.’

दत्ताच्या देवळाच्या पुढं दोन वळणं गेल्यावर मी सायकल स्टँडवर लावली. धुकं इतकं की पुढचं चाक दिसंना. हात भरून आले होते. कठड्याशी जाऊन लघवी केली आणि मागं वळतोय तोवर धाडकन आवाज. ओल्या मातीत स्टँड रुतलं होतं. डावी किटली रस्त्यावर आपटून झाकण निघालेलं, आणि दूध उताराला लागलेलं. मी पळत जाऊन किटली उभी केली. चार-साडेचार लिटर तरी गेलं होतं. पांढरी धार डांबरावरनं वळणापर्यंत गेली, मग गटारात.

तिथं जवळच डोंगरातनं पाणी पडतं. श्रावणात तिथं अशी पन्नास ठिकाणं. मी पाचएक मिनिटं बसून राहिलो असेन. मग उजव्या किटलीतलं थोडं डावीकडं ओतलं, आणि दोन्ही किटल्या त्या पाण्याखाली धरून काठोकाठ भरल्या.

बोर्डिंगातल्या माणसानं दूध मापलं, ओतून घेतलं. मला वाटलं सुटलो. पण त्यांच्याकडं ती काचेची नळी होती, लॅक्टोमीटर. पाणी घातलं की ती नेहमीच्या खुणेहून खाली बुडते. त्यानं ती तीनदा बुडवून बघितली. मला काहीच बोलला नाही. मी कोण, पोरगं. दुसऱ्या दिवशी दादा तापातनं उठून गेला, तेव्हा त्याला फाटकातच सांगितलं, उद्यापासनं येऊ नको. चार वर्षांचा रतीब. वर आधीच्या पंधरवड्याचे पैसेही कापून घेतले.

दादा घरी आला. आईनं विचारलं, काय झालं. म्हणाला, ‘म्हशीच्या दुधालाच फॅट न्हाय म्हणत्यात पावसाळ्यात. जाऊ दे.’ मी वहीत मान घालून बसलो होतो.

पुढं तो तीन लहान हॉटेलांना दूध घालू लागला. भाव कमी, उधारी जास्त. दोन वर्षांत एक म्हैस विकली. मग हिवाळ्यात स्ट्रॉबेरीच्या रानात रोजानं, उन्हाळ्यात रस्त्याच्या कामावर. पण माझं शिक्षण थांबलं नाही. दहावी झाली, साताऱ्याला कॉलेज झालं, पुण्यात नोकरी. घरातलं कुणीच ती गोष्ट पुन्हा काढली नाही. मीही नाही. पंचेचाळीस वर्षं.

तर त्या शनिवारी पोरं वाईत लॉजवर उतरली आणि मी वाडीवर गेलो. वाटेत घाटावर कृष्णाबाईच्या उत्सवाचा मांडव पडलेला. वाडीत हळद शिजत होती. कुणाच्या तरी परड्यातनं तो उग्र, गोडसर वास रस्त्यापर्यंत आलेला. दादा ओट्यावर बसला होता. गुडघे गेलेत त्याचे. बसायला-उठायला काठी लागते. डॉक्टर म्हणतात वयामानानं. वहिनी म्हणतात घाटानं.

‘भावजी, ह्या वयात कशाला ही दगदग?’ वहिनींनी पाणी दिलं. दादाचं लक्ष सायकलवर. त्यानं बसल्या जागेवरनं हात लांब केला आणि वरच्या नळीखाली दोन बोटं घालून ती उचलली.

‘एवढीच?’

‘नऊ किलो.’

‘रिकाम्या किटल्याच दहा किलोच्या होत्या आपल्या.’ मग त्यानं ब्रेक दाबून बघितला. चाक जागच्या जागी थांबलं. पुन्हा फिरवून पुन्हा दाबला. ‘धरतंय की लेका. केवढ्याला पडली?’

एक लाख अठरा हजार. तोंडातनं निघालं, ‘बारा हजार.’

‘बारा!’ वहिनी दारातनं म्हणाल्या. ‘त्यात म्हशीचं रेडकू आलं असतं.’

जेवणं झाली. रात्री ओट्यावर दोघंच होतो. घाटातनं उतरणाऱ्या गाड्यांचे दिवे दिसत होते. मी म्हणालो, ‘दादा, त्या साली तुला ताप आलता, मी दूध घेऊन गेलतो…’

‘हां.’

‘दूध सांडलं होतं. मी पाणी भरलं.’

तो काही वेळ तंबाखू मळत राहिला. मग म्हणाला, ‘डाव्या किटलीला पोचा होता. बुडाला. मला सकाळीच दिसला. पोचा आलेली किटली काठोकाठ भरून जाती व्हय वरपर्यंत?’

‘मग बोलला का नाहीस?’

‘बोलून काय करायचं हुतं? आईनं तुला मारलं असतं. तू पुन्हा घाट चढला नसतास.’ जरा थांबून म्हणाला, ‘तसा चढलाच न्हाईस म्हणा.’

तो हसला का रागावला, अंधारात दिसलं नाही. तंबाखू तोंडात टाकून तो काठी टेकत आत गेला. मला बराच वेळ झोप लागली नाही.

सकाळी सहाला पोरं पसरणीच्या फाट्याला थांबली होती. दादा मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. आमच्या पोरांनी त्याला वाकून नमस्कार केला, आणि एकानं विचारलं, ‘काका, या घाटात दम कुठं घ्यावा?’

‘देवळापाशी घेऊ नका,’ दादा म्हणाला. ‘तिथं थांबलं की पाय गार पडत्यात. पुढं दोन वळणं गेल्यावर दगड हाय, तिथं टेकवा. हा दावील.’

मी पायडलवर पाय ठेवला. गिअर सगळ्यात हलका केला. दत्ताच्या देवळापाशी थांबलो नाही. पुढच्या दुसऱ्या वळणाला रस्ता आता रुंद झालाय, कठडा नवा आहे. दगड काही सापडला नाही. आम्ही तसेच वर गेलो. एक तास दहा मिनिटं लागली. खाली वाडी दिसत होती, पण ओटा कुठला ते इतक्या उंचावरनं ओळखू येत नव्हतं.

सायकलीची किंमत अजून बारा हजारच आहे.