दुसऱ्या पानावरची नावं

मे २०२३ मधली गोष्ट. सकाळी पेपरात डॉ. राम ताकवले गेल्याची बातमी वाचली. १३ तारखेला, नव्वदीत, त्यांचं निधन झालं होतं. मी त्यांच्याशी आयुष्यात एक शब्दही बोललेलो नाही. तरी उठलो, माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात माझी बी. ए.ची पुस्तकं आहेत, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची. हाताला आलं त्या पुस्तकाचं दुसरं पान उघडलं. छपाई जुनी होती. सगळ्यात वर बारीक टायपात कुलगुरू म्हणून त्यांचं नाव. खाली सल्लागार मंडळ, लेखक, संपादक, अनुदेशन तंत्र संपादक, निर्मिती.

हे पान कुणी वाचत नाही. मी वाचलं, कारण माझं पोट त्या पुस्तकांवर होतं. गोवर्धन शिवारात, गंगापूर धरणाच्या अलीकडे विद्यापीठाचं ज्ञानगंगोत्री हे आवार आहे. तिथल्या भांडारात मी पुस्तकं बांधायला लागलो तेव्हा दहावीनंतर शाळा सोडलेला, जवळच्याच गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा होतो. ताकवले सर तोपर्यंत दिल्लीला गेले होते, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून. त्यांची माझी चुकामूक झाली ती कायमची. पण जुनी माणसं जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याबद्दल बोलायची आणि मी डबा खाता खाता ऐकायचो.

ऐकून मला जे कळलं ते असं. माणूस पदार्थविज्ञानाचा. १९७८ ते १९८४ पुणे विद्यापीठाचा कुलगुरू राहिलेला. म्हणजे भरल्या घराचा कारभार सांभाळून झालेला होता. १९८९ मध्ये राज्याच्या कायद्यानं नाशिकला मुक्त विद्यापीठ झालं, देशातलं पाचवं. त्याचे ते पहिले कुलगुरू. इथे ना वर्ग, ना फळा, ना घंटा. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, बारावी न झालेल्या माणसालाही पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीला बसता येईल, असं हे विद्यापीठ सांगत होतं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. नाव यशवंतरावांचं, आणि तेही नाशिकला शोभणारं. १९६३ मध्ये, संरक्षणमंत्री असताना, नाशिकनं त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं होतं. आमच्या गावातले म्हातारे ती आठवण अजून घरच्या लग्नासारखी सांगायचे.

पण ब्रीद घरोघरी पोचवायचं म्हणजे काय, ते भांडारात कळायचं. ते वजनात मोजायचं काम होतं. प्रत्येक शिक्षणक्रमाचा संच वेगळा. मोजायचा, खाकी कागदात घालायचा, सुतळीनं दोन्ही बाजूंनी आवळायचा, वर चिठ्ठी लावायची. गठ्ठे विभागीय केंद्रांकडे, तिथून अभ्यासकेंद्रांवर. घाई नेमकी पावसाळ्यात. नाशिकचा पाऊस धरणाच्या बाजूनं आडवा येतो. ट्रक लागला की आधी ताडपत्री, मग माणसं, असा आमचा क्रम.

संच लावायचं काम मावशींकडे. सगळे त्यांना मावशीच म्हणायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. पुस्तक हातात घेतलं की मुखपृष्ठावरचं चित्र, जाडी, वजन यांवरून त्या ओळखायच्या. मी यादी वाचून चार पुस्तकं लावेपर्यंत त्यांचे दहा संच तयार. एकदा मी दोन विषयांची सारखी दिसणारी पुस्तकं उलटसुलट लावली. त्यांनी गठ्ठा नुसता उचलला आणि म्हणाल्या, "हा हलका लागतोय रे, सोड." सोडला. खरंच चुकला होता. जिथे जायचा ते गाव कुठलं कोण जाणे, पण तिथे एखादी बाई परीक्षेला चुकीचं पुस्तक घेऊन बसली असती. मावशी रागावल्या नाहीत, मला परत सगळे गठ्ठे सोडायला लावले, आणि स्वतःही शेजारी बसून सोडू लागल्या.

दुसऱ्या पानावरचं 'अनुदेशन तंत्र संपादक' हे नाव मला फार दिवस कळत नव्हतं. लेखक कळतो, संपादक कळतो, हा कोण? मग एका सरांकडे हिशेबाची प्रत पोचवायला गेलो असताना पाहिलं. ते हस्तलिखित वाचत होते आणि समासात जागोजाग एकच वाक्य लिहीत होते : इथे विद्यार्थी अडेल. मी धीर करून विचारलं. ते म्हणाले, "लेखकाला विषय येतो. विद्यार्थ्याला रात्री अकरा वाजता कुणी नसतं. मधली जागा माझी." म्हणून प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्येमध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. शिक्षक पुस्तकातच शिवून द्यायचा, असा तो प्रकार होता. त्याच आठवड्यात मी पूर्वतयारीचा अर्ज भरला. दिवसभर जी पुस्तकं बांधायचो, तीच रात्री उघडायची. संपर्कसत्राला रविवारी शहरात जायचं. पण खरं शिकलो त्या समासातल्या वाक्यामुळे. जिथे मी अडलो तिथे प्रश्न असायचा. वाटायचं, या माणसानं मला न पाहताच ओळखलंय.

त्याच सरांचा आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा. ऑगस्ट होता. सुरगाण्याकडची एक अंगणवाडीताई पहाटेच्या एसटीनं निघून, नाशिकला गाडी बदलून दुपारी भांडारात पोचली. कडेवर पोर. घराचं छप्पर गळून तिच्या पुस्तकांचा लगदा झाला होता. नवा संच विकत घ्यायला आली होती. पदराच्या गाठीतले पैसे मोजून दिले, पावती घेतली, पण निघेना. मग हळूच म्हणाली, "अर्थशास्त्रातलं मागणीचं प्रकरण कळत नाही. कुणी सांगेल का?" आता भांडारात कोण सांगणार! मी सरांना बोलावलं. ते आले, व्हरांड्यात पायरीवर बसले. पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवलं आणि तिला विचारलं, "आठवडे बाजारात टोमॅटोची पाटी संध्याकाळी काय भावानं जाते?" तिथून दोघं सुटले ते तासभर. मावशींनी पोराला पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवून खेळवलं.

निघताना ताईनं दुसरं पान उघडलं, एका नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुम्हीच का?" सरांनी मान हलवली. तिनं वाकून नमस्कार केला. सर इतके गडबडले की तेही वाकले. ती गेल्यावर त्यांनी भांडारातली त्या घटकाची एक प्रत मागून घेतली आणि समासात लिहिलं : आठवडे बाजार.

पुढे कुलगुरू बदलत गेले. डॉ. राजन वेळूकर इथे होते, २०१० मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. डॉ. आर. कृष्णकुमार आले. मानव्यविद्या शाखेत समीक्षक म्हणून नाव असलेले डॉ. रमेश वरखेडे होते, त्यांचं नाव असलेली पुस्तकं मी किती बांधली असतील याला हिशेब नाही. मीही पदवी मिळवून भांडारातून कार्यालयात गेलो आणि तिथूनच निवृत्त झालो. अशी मोठी नावं निदान कुठेतरी छापलेली राहतात, ताकवले सरांवर तर लेख येणारच, यायलाच हवेत. शून्यातून एवढं उभं करणं सोपं नव्हतं. समासात लिहिणारे सर केव्हाच गेले. त्यांच्यासाठी कुठे चार ओळी आल्याचं मला आठवत नाही, आणि ते मला आजही लागतं.

त्या सकाळी पुस्तक पिशवीत टाकलं आणि मावशींकडे गेलो. गंगापूर गावात राहतात, मुलाकडे. दृष्टी जवळजवळ गेली आहे. म्हटलं, "मावशी, ताकवले सर गेले." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. सरांच्या काळातच मावशी रोजंदारीवर लागल्या होत्या. मग म्हणाल्या, "ते पयले साहेब ना? लई लांबचं बघायचे म्हनत." मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. यात त्यांचं नाव आहे, असं सांगितलं.

त्यांनी पान उघडलं नाही. पुस्तक दोन्ही तळहातांवर तोललं, कडेवरून अंगठा फिरवला.

"हे दुसऱ्या वर्साचं," त्या म्हणाल्या. "ह्याच्यासंगं अजून दोन जायची. ती कुठं ठेवली तू?"