आधी तेल, मग रुई

अ‍ॅनिमेशनच्या क्लासमधून बाहेर पडलेली मुलं हमखास विचारतात, "सर, नोड शिकू की लेयर?" मी उलट विचारतो, "बनवायचं काय आहे? कापड की माग?" मुलगा यंत्रमागांच्या भिवंडीचा असेल तर अर्धं उत्तर त्याला तिथेच मिळतं.

मी टेक्श्चर आर्टिस्ट. संगणकात कुणीतरी वस्तूचा आकार घडवतो. तो कोरा, करड्या रंगाचा असतो. त्यावर लोखंडाचा गंज, लाकडाचे रेषे, कापडाची वीण आणणं हे माझं काम. त्याच्या दोन रीती आहेत. लेयर म्हणजे एकावर एक थर. फोटोशॉपने 1994 साली तिसऱ्या आवृत्तीत ते आणले आणि सगळ्यांच्या हाताला त्यांची सवय लागली. नोडमध्ये थर नसतात. एकेका क्रियेचा एकेक चौकोन असतो आणि चौकोन तारांनी जोडायचे: एक रेघा काढतो, पुढचा त्या वाकवतो, त्यापुढचा त्यांना उंची देतो. ही कल्पना रॉबर्ट कुक यांनी 1984 सालीच 'शेड ट्रीज' या निबंधात मांडली होती. आज धंद्यात चालतात ती सबस्टन्स डिझायनर आणि सबस्टन्स पेंटर ही जोडसॉफ्टवेअरं. पहिलं नोडचं, दुसरं लेयरचं. दोन्ही फ्रान्समधल्या अलेगोरिथमिकची. 2019 साली अडोबीने ती कंपनीच विकत घेतली.

आता भिवंडीचं ग्रे, म्हणजे कोरं कापड घ्या. साधी वीण: ताण्याचा, म्हणजे उभा धागा एकदा वर, एकदा खाली, शेजारचा नेमका उलटा. हा नियम आहे, आणि नियम असेल तिथे नोडला तोड नाही. मी एकाच धाग्याचा गोलवा बनवतो, तो उभा-आडवा पसरवतो, कोण वर आणि कोण खाली हे बुद्धिबळाच्या पटासारख्या नकाशाने ठरवतो. रीड आणि पीक, म्हणजे इंचातले उभे आणि आडवे धागे, हे दोन आकडे बाहेर काढून ठेवले की त्याच जाळ्यातून झिरझिरीत मलमलही निघते आणि जाड चादरही. ताण्याला खळ असते, बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, नसते. म्हणून कोऱ्या कापडात दोघांची चकाकी मी वेगळी ठेवतो. नोडमध्ये दोन्ही धागे शेवटपर्यंत वेगळे राहतात, त्यामुळे हे चुटकीसरशी होतं.

एक खोच मात्र आहे. टेक्श्चरचा तुकडा फरशीसारखा शेजारी शेजारी लागत जातो. तुकड्यात पीक 52 घेतले तर वीण बिनबोभाट जुळते. 51 घेतले की सांध्यावर दोन बाणे एकाच वाटेने गेलेले दिसतात आणि पडद्यावर आडवी रेघ उमटते. मागावर बसणाऱ्या माणसाला ती दुरूनही दिसेल. कॉम्प्युटरवाल्याला बऱ्याचदा दिसत नाही.

माग स्वतः मात्र नियमाने म्हातारा झालेला नसतो. बिडाचा सांगाडा, त्यावर कधीतरी मारलेला हिरवा रंग, हात लागतो तिथे तो झिजून उघडं पडलेलं लोखंड, सांध्यांतून ओघळलेलं तेल आणि तेलावर चिकटलेली रुई. हे जसं घडलं त्याच क्रमाने थर रचावे लागतात. तेलाचा थर रुईच्या वर गेला तर रुई भिजून काळी पडल्यासारखी दिसते. वर्षानुवर्षं चालू असलेल्या मागाऐवजी कालच तेलाचा डबा सांडल्याचा भास होतो. तेल कुठे ओघळलं हे कुठल्याही सूत्राने काढण्यापेक्षा ब्रश हातात घेऊन रंगवावं. नोडच्या तारांनी ते करताना मी लोकांना पाहिलं आहे. करता येतं. पण दिग्दर्शक म्हणाला, "तो डाग जरा डावीकडे घ्या," की घाम फुटतो.

तरी दोघांमधली भिंत वाटते तेवढी जाड नाही. 'अवतार' चित्रपटाच्या वेळी वेटा डिजिटलमध्ये जन्मलेल्या मारी या सॉफ्टवेअरमध्ये लेयरच्या यादीमागे नोडचंच जाळं चालतं. पेंटरमध्येही खालच्या थरातली माहिती वर वापरता येते. म्हणून माझा शिरस्ता असा: कापड, विटा, कौलं, पत्रा यांचं मूळ द्रव्य नोडमध्ये, त्यावर आयुष्याने केलेले डाग लेयरमध्ये. नवशिक्याने आधी लेयरच शिकावं. नोडचं जाळं दिसायला भारी असतं, पण दुसऱ्याने बांधलेलं उलगडताना दिवस जातो, आणि सहा महिन्यांनी आपलंही दुसऱ्याचंच वाटतं. सॉफ्टवेअरच्या वर्गणीला पैसे नसतील तर ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्याचे नोड उत्तम आहेत, थरांची सोय मात्र तोकडी.

भिवंडीतल्या मुलांना एक विनंती. इथले कितीतरी माग भंगाराच्या भावाने गेले, त्या जागी गोदामं उभी राहिली. जे चालू आहेत तिथे मालकाला विचारून जा. माग बंद असताना, फ्लॅश न मारता, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा. कापडाचा तुकडा मागून घ्या आणि भिंगाखाली इंचातले धागे मोजा. आलेला आकडा फोटोच्या नावातच लिहून ठेवा. नंतर आठवत नाही.